व्हॅनकाका आणि छपरावरचा बेकरीवाला

व्हॅनकाका ब्रेक लावत नाहीत, ब्रेकला विनंती करतात, असं त्यांच्या गाडीच्या मेकॅनिकचं म्हणणं होतं. आणि मेकॅनिक लोक कुणाचं उगाच कौतुक करत नाहीत. त्यांच्या धंद्याला ते परवडत नाही. शाळेच्या पोरांनी खचाखच भरलेली ती पिवळी व्हॅन चौकात कधी थांबली, हे आतल्या पोरांना खिडकीबाहेर बघितल्यावर कळायचं. मांडीवर रंगपेटी उघडून बसलेल्या मुलीचा ब्रशसुद्धा जागचा हलायचा नाही.

इतकी वर्षं शाळेची पोरं ने-आण केल्यामुळे काकांना आणखी एक सुख मिळालं होतं. वस्तीत कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्यांना घरोघरच्या माणसांच्या आधी कळायचं. पोरं व्हॅनमध्ये चढली की त्यांच्या तोंडाला झाकण राहत नाही. एक चष्मेवाली मुलगी तर रोज बातम्याच द्यायची. तिला सगळे ‘बातमीदार’ म्हणायचे.

“काका, आमची आई आत्याशी बोलत नाहीये. पण आत्याला अजून ते कळलंच नाहीये.”

“काका, बाबांनी पोट कमी करायचं मशीन आणलं. आता आम्ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो.”

काका समोर बघत, चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवून गाडी चालवायचे. आणि दुपारी घरी आले की हे सगळं काकूंच्या पानात वाढायचे.

काकूंचा पुरवठा वेगळ्या वाटेने यायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं, पायाने चालवायचं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, खांदा उसवून परत बसवणं अशी कामं. माणसं यायची, आवाज खाली आणून म्हणायची, “जरा कमरेत वाढवून देता का? कापड आटलंय.” काकू म्हणायच्या, “हल्ली सगळ्यांचंच कापड आटतंय.” तेव्हा नवऱ्याकडे घराघरातली मनं आणि बायकोकडे घराघरातल्या कमरा, असा त्या दोघांचा वस्तीवर पूर्ण कब्जा होता. बाहेर मात्र अक्षर फुटायचं नाही. चहाड्या फक्त एकमेकांना सांगायच्या, हा त्यांच्या संसाराचा पाया होता, आणि सांगणारे सांगतात की पुष्कळ संसार याहून कच्च्या पायावर उभे असतात.

त्यांचं लग्न कसं जमलं याच्या दोन कथा आहेत. त्यातली काका सांगतात ती खोटी.

काका सांगतात, की व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये त्यांचा खेळ बघून काकू भान हरपल्या. खरं असं, की काकू आपल्या भावाला शोधायला तिथे गेल्या होत्या, आणि आल्यासारखं एक नाणं टाकावं म्हणून मशीनपाशी उभ्या राहिल्या. मशीनला काका चिकटलेले. खेळ होता बेकरीवाल्याचा. एक बुटका बेकरीवाला, डोक्यावर पावांचा ट्रे, मागे मांजरांची फौज, आणि या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत त्याने पाव पोचवायचे. खेळाचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी एक फळी सरकत यायची. तिच्या अगदी टोकावर जाऊन, आता पडतो की काय असं वाटेल तेव्हा उडी मारायची. जरा आधी मारली तरी पडला, जरा नंतर मारली तरी पडला. ती उडी त्या पार्लरमध्ये फक्त काकांना जमायची. त्यामुळे ते मशीन सोडायचेच नाहीत. काकूंनी वाट पाहिली, पाहिली, आणि मग विचारलं, “अहो, हा बेकरीवाला तुमच्या नात्यातला आहे का?”

काकांनी मान वळवली. बेकरीवाला पडला. काकांचं तिथून पुढे काय झालं ते सांगायला नको.

लग्नानंतर घरात खुर्च्या यायच्या आधी कॅसेटचा व्हिडिओ गेम आला, त्याच बेकरीवाल्याचा. कॅसेट चालली नाही की काका ती काढून फुंकायचे, काकू परत काढून जोरात फुंकायच्या, आणि चालू झाली की ती कुणाच्या फुंकरीने झाली यावर भांडण व्हायचं. पुढे लेक झाली, तीही त्या दोघांच्या मधे बसून बघायला लागली. मग कधीतरी ते यंत्र बिघडलं, कॅसेटी माळ्यावर गेल्या, लेक शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली.

त्या लेकीने यंदा दोन गोष्टी पाठवल्या. एक, भिंत झाकून टाकणारा सपाट टीव्ही. दोन, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. तिच्या आत म्हणे जगातले सगळे जुने खेळ भरलेले होते.

“सगळे?” काकांनी फोनवर विचारलं.

“तुमचा बेकरीवालापण आहे, बाबा. मी आधी तो बघितला, मग डबी घेतली.”

काकांनी डबी उचलली आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर तिला फुंकर मारली. कॅसेट नाही, खाच नाही, काही नाही. पण हात आणि ओठ जुन्या वळणावर गेले. काकू इतक्या हसल्या की तोंडात धरलेल्या टाचण्या त्यांना काढून ठेवाव्या लागल्या.

खेळ सुरू झाला. तेच टिंगटिंग संगीत. तीच छपरं. पण जुन्या फुगीर टीव्हीवर सगळं कसं धुक्यातून दिसायचं, इथे एकेक ठिपका सुटा दिसत होता.

“हे तर भरतकाम आहे!” काकू पुढे सरकल्या. “बघा ना, एकेक टाका मोजून घ्यावा.”

“अगं, आणि याला मिशी आहे! इतकी वर्षं आपल्याला माहीतच नाही.”

“मिशी कुठली, ट्रेची सावली आहे ती.”

“सावली नाकाखाली पडते का?”

त्या मिशीवर अर्धा तास गेला. मग काकांनी बाह्या सरसावून मनोऱ्यापर्यंत मजल मारली. फळी आली. काका टोकाला गेले. बटण दाबलं.

बेकरीवाला पडला.

“सवय गेली,” काका म्हणाले आणि परत गेले. पडला. परत गेले. पडला. जुन्या खेळात पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. या डबीत खेळ आहे तिथे थांबवून ठेवायची आणि पडलं की तिथूनच उठायची सोय होती. काकांच्या मते ती लबाडी होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती लबाडीसुद्धा केली. तरी तो पडतच राहिला, अगदी तेवढ्याच अंतराने, जणू काकांचं बोट त्याच्या मागे मागे धावतंय आणि त्याला गाठू शकत नाहीये.

“राहू द्या आता, जेवायला चला,” काकू म्हणाल्या. काका हसले. पण ते हसू त्यांच्या मापाचं नव्हतं, आणि मापाच्या बाबतीत काकूंची नजर चुकत नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर काका उगाच वेडे वाटतील. काका तरुण असताना एका उस्तादांच्या हाताखाली गाडी शिकले. उस्ताद मोठा तरबेज माणूस. पण वय झालं तरी त्यांनी चाक सोडलं नाही. सगळ्यांना दिसत होतं, बोलायचं कोणी? एका सकाळी मुलांनी भरलेली गाडी त्यांनी थांबवली, पण जिथे थांबायला हवी तिथे नाही. भिंतीला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त मुलं रडली, आणि उस्ताद स्टिअरिंग धरून म्हणत राहिले, “मी दाबला होता. मी दाबला होता ना?” काका शेजारच्या सीटवर होते. त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की आपला पाय ज्या दिवशी उशिरा पडेल त्या दिवशी किल्ली खाली. कुणी सांगायची वाट बघायची नाही.

आणि आता बेकरीवाला सांगत होता.

दुसऱ्या दिवसापासून काकांना जिकडेतिकडे उशीर दिसायला लागला. ओट्यावरून चमचा पडला, तो झेलायला हात गेला तोवर चमचा जमिनीवर. आधी कधी झेलला होता का? आठवेना. न्हाणीघरात दार लावून ते एका हाताने कंगवा सोडायचे आणि दुसऱ्या हाताने पकडायचे. बाहेर काकूंना टक, टक, टक असा आवाज यायचा आणि त्या विचारायच्या, “आत सुतारकाम काढलंय का?”

रस्त्यावर एक कुत्रं आडवं आलं. काकांनी ब्रेक लावला, गाडी नेहमीसारखी अलगद थांबली, कुत्रं आपल्या तोऱ्यात निघून गेलं. पण काकांनी लगेच गाडी काढली नाही. वेळेवर लागला का? की कुत्रंच चपळ होतं?

मग व्हॅन हळू चालायला लागली. इतकी, की सायकलवरची आजोबा मंडळी पुढे जाऊन मागे वळून बघायची.

“काका, आपण उतरून चालत गेलो तर लवकर पोचू का?” मागून एकाने विचारलं.

“गप रे,” बातमीदार म्हणाली, “काकांना बरं नाहीये. माझी आई म्हणाली, शुगर आहे.”

“माझी आई म्हणाली, काकूंशी भांडण झालंय.”

“माझे बाबा म्हणाले, पेट्रोल वाचवतायत.”

जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या ऐकलेल्या माणसाला आपल्या घरची बातमी ऐकायची पाळी आली. त्यांनी आरशात बघितलं. मागे सगळी डोकी, वेण्या, टोप्या, एक पुढचे दात पडलेला चेहरा. यातल्या एकालाही भिंत दिसता कामा नये.

त्याच दिवशी ते पुतण्याकडे गेले. पुतण्या टॅक्सी चालवायचा. मनाने सोन्यासारखा, पण ब्रेकवर नाचल्यासारखा पाय मारायचा, आणि त्याच्या हॉर्नमधून पाच वेगवेगळी गाणी वाजायची.

“सोमवारपासून व्हॅन तू घे,” काका म्हणाले.

“काय काका, चेष्टा करता? तुम्ही नि व्हॅन सोडणार?”

“बस झालं आता. आणि तो हॉर्न काढ आधी.”

“एक गाणं ठेवू?”

“एकही नाही.”

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. चहाड्यांवर उभ्या असलेल्या संसारात पहिल्यांदाच एक बातमी दाबून ठेवली गेली. आणि ती किती टिकली? पुतण्याची बायको नवऱ्याचा शर्ट घेऊन काकूंकडे येईपर्यंत.

“काकू, हा जरा बाजूंनी आत घ्या ना. सोमवारपासून शाळेच्या व्हॅनवर जायचंय, पोरांसमोर नीट दिसायला हवं. काकांनी इतकं विश्वासाने सोपवलं, आम्हाला तर भरूनच आलं.”

काकूंनी चेहरा हलू दिला नाही. टाचण्या लावल्या, खडूने खूण केली, “उद्या घेऊन जा” म्हणाल्या. ती गेली आणि काकूंनी यंत्रावर बसून पायडल असं काही हाणलं की शेजारीण खिडकीतून बघायला आली.

दुपारी काका जेवायला आले. ताट वाढलेलं होतं. काकू समोर बसल्या, हातात तो शर्ट.

“हा कुणाचा?” काका म्हणाले, आणि ओळखून थांबले.

“तुमच्या वारसाचा. छातीत घट्ट, पोटात सैल. बाकी फिटिंगचं मी बघते, तुम्ही फक्त सांगा, मला कधी सांगणार होतात?”

“अगं, सांगणारच होतो.”

“सोमवारी? घरात बसलेले दिसल्यावर मलाच कळलं असतं म्हणून?”

काकांनी घास ताटात ठेवला. “माझा पाय उशिरा पडतोय.”

“कुणाला लागलं?”

“नाही.”

“गाडी घासली?”

“नाही. अजून नाही. पण हात उशिरा पडतोय म्हणजे पायही पडणार. ती मनोऱ्याची उडी. मी झोपेतसुद्धा मारायचो ती. आता दाबतो तोवर तो पडलेला असतो. रोज. एकदाही जमली नाही.”

काकूंच्या ओठांवर ‘आणि यासाठी तुम्ही व्हॅन सोडताय?’ असं काहीतरी आलं होतं; ते तिथेच राहिलं. त्या जरा वेळ शर्टाची कॉलर सरळ करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “मीपण पडते.”

“काय?”

“तिथेच. मनोऱ्यापाशी. तुम्ही दुपारच्या फेरीला गेलात की मी खेळते.”

“तू? चोरून?”

“चोरून कसली, घर माझं आहे. पण हो. आणि मला वाटलं, मोतीबिंदू.” डॉक्टरांनी काकूंना मागे सांगितलं होतं, की डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. “मला वाटलं, फळी मला उशिरा दिसतेय. चेन बसवताना टाका चुकेल म्हणून बारीक कामं मी परत पाठवायला लागलेय. तुम्हाला नाही सांगितलं. म्हटलं, तुम्ही उगाच घाबराल.”

नवरा हाताला घाबरलेला, बायको डोळ्याला घाबरलेली, आणि दोघंही एकमेकांना घाबरवायचं नाही म्हणून त्या काळ्या डबीपाशी एकेकटे जाऊन पडून येत होते.

मग काकूंचं डोकं चालू झालं. “थांबा हं. तुमचा हात म्हातारा झाला, मान्य. माझा डोळा म्हातारा झाला, मान्य. पण दोघं अगदी एकाच मापाने कसे म्हातारे होणार? दोन माणसांचे शर्टसुद्धा एका मापाचे होत नाहीत, आणि आपण दोघं नेमके तेवढ्याच अंतरावर पडतो?”

“तू कुठे पडतेस?”

“फळी संपून बोटभर पुढे.”

“मीही तिथेच.”

काकूंनी तसाच फोन उचलला आणि लेकीला लावला. लेक ऑफिसमध्ये होती, तरी उचलला. काकूंनी सगळं एका दमात सांगितलं, मिशीसकट.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, टीव्हीमध्ये गेम मोड लावलाय का?”

“तो काय असतो?”

“अगं, हे नवे टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाहीत. आधी ते साफ करतात, रंग चढवतात, कडा गुळगुळीत करतात, मग दाखवतात. त्यात जरासा वेळ जातो. सिनेमा बघताना कळत नाही. पण गेममध्ये चित्र उशिरा येतं. बेकरीवाला फळीच्या टोकावर आलाय असं तुम्हाला दिसतं ना, तेव्हा तो खेळात टोकाच्या पुढे निघून गेलेला असतो. अरे देवा, टीव्ही पाठवला तेव्हाच मी सांगायला हवं होतं.”

“म्हणजे मेला आरशासमोर उभा असतो!” काकू म्हणाल्या. “पावडर लावून झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही म्हणे. आपल्या जुन्या टीव्हीला नटायची अक्कलच नव्हती, म्हणून तो वेळेवर यायचा.”

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला. “म्हणजे मी बघत होतो ते आधीच होऊन गेलेलं असायचं?”

“हो, बाबा.”

“आणि माझं बोट?”

“बोट बरोबर असेल. पण ते मी कसं सांगू? लावून बघा ना.”

टीव्हीच्या पोटात शिरून तो गेम मोड शोधायला दोघांना बराच वेळ लागला. मधे एकदा टीव्ही परक्या भाषेत बोलायला लागला, एकदा नुसता हिरवा झाला. शेवटी सापडला. काकूंनी रिमोट टेबलावर ठेवला आणि खेळायचं, दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र काकांपुढे धरलं.

काकांनी हात पुढे केला नाही.

“घ्या ना.”

“तू खेळ आधी.”

“का?”

काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा आवाज लहान झाला होता. “आतापर्यंत टीव्हीचा दोष होता. आता पडलो तर माझाच असेल.”

ही अशी वेळ असते की शहाण्या बायकोने काही बोलू नये. काकू शहाण्या आहेत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या, इतक्या जवळ की खांद्याला खांदा लागला, आणि यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं.

काकांनी खेळ सुरू केला. ती उठायची लबाडी न करता, पहिल्या छपरापासून. बेकरीवाला धावला. मांजरं मागे लागली. मनोरा आला, फळी सरकली. काकांनी दाबलं, आणि पडले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“घाई केली मी,” काका स्वतःशीच म्हणाले. “आधी दाबलं. उशिराची सवय लागली होती ना, म्हणून आधी दाबलं.” आधी! या शब्दाची चव त्यांना कळली असावी, कारण ते खुर्चीत जरा सरळ बसले. परत पहिल्यापासून निघाले. मनोरा. फळी. यंत्राला वायर नव्हती, तरी काकांचे दोन्ही हात जुन्या सवयीने छातीपर्यंत वर गेले, वायर ओढावी तसे, आणि बेकरीवाला पलीकडच्या छपरावर उतरला. ट्रेमधला एकही पाव न सांडता.

काका पुढे खेळलेच नाहीत. मांजरांनी त्या बिचाऱ्याला तिथेच गाठलं. काका डोळे पुसत होते आणि म्हणत होते, “मिशीच आहे ती. बघितलीस ना? मिशीच आहे.”

“आहे, आहे,” काकू म्हणाल्या. एवढ्यापुरतं त्यांनी मान्य केलं.

पण काकू हुरळून जाणाऱ्यातल्या नाहीत. “हे बघा, खेळाने घाबरवलं तसं खेळाने निश्चिंत पण व्हायचं नाही. डॉक्टरकडे चला. दोघंही.” तेव्हा दोघं गेली. डॉक्टरांनी काकांचे डोळे बघितले, कान बघितले, दिवा लागला की बटण दाबा असं काहीसं करून घेतलं, आणि शेवटी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. काकांचा पाय असा उडाला की डॉक्टरांच्या हातातला पेन खाली पडला. “पाय वेळेवर आहे,” डॉक्टर पेन उचलत म्हणाले, “मी जरा मागे उभं राहायला हवं होतं.” काकूंचा मोतीबिंदू खरा होता, पण अजून कच्चा. काळजीचं काही नव्हतं. बारीक कामाला दिवा वाढवा म्हणाले.

राहिला पुतण्या. त्याच्याकडे जायला काकांचे पाय उचलेनात. दिलेला शब्द मागे घ्यायचा, तोही असा, की व्हॅन का सोडत होतो तर बेकरीवाला पडत होता आणि का ठेवतोय तर तो पोचला म्हणून! पुतण्याने सगळं ऐकलं. आधी हसला, मग थांबला, मग काकांचा हात हातात घेऊन म्हणाला, “काका, खरं सांगू? मला धडकीच भरली होती. ती पोरं मागून काय काय विचारतात. त्या बातमीदारने मला रस्त्यात थांबवून विचारलं, तुमची मंजुळा कोण? माझ्या बायकोला ही मंजुळा कोण ते अजून माहीत नाही.”

“कोण आहे?” काकांनी ताबडतोब विचारलं.

“टॅक्सीचं नाव आहे, काका!”

काकांना पटलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी जास्त खोलात जायचं टाळलं. काकूंनी शर्ट मात्र आत घेऊन दिला. त्या म्हणाल्या, कापडाला आपण काय शिक्षा करायची.

सोमवारी सकाळी काका व्हॅन काढायला गेले तर काकू आधीच आत बसलेल्या. मागच्या रांगेत, खिडकीपाशी, हातात पर्स, जणू शाळेत नाव घातलंय.

“तू कुठे निघालीस?”

“तुमच्याबरोबर. चला, पोरं वाट बघत असतील.”

“अगं, पण कशाला?”

“बसून बघते. वर्षातून दोनदा बसणार आहे, शाळा सुरू झाली की एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा. तुमचा पाय कसा पडतोय ते मी ठरवणार. टीव्ही नाही, बेकरीवाला नाही, न्हाणीघरातला कंगवा तर नाहीच.”

“कंगव्याचं तुला कुणी सांगितलं?”

“भिंतीला कान असतात आणि माझे तर चांगलेच आहेत. निघा.”

पोरं एकेक करून चढली. काकूंना बघून आधी बावचळली, मग चेकाळली. बातमीदार त्यांच्या शेजारी बसली आणि चौकशी सुरू केली. “काकू, तुमचं नि काकांचं भांडण मिटलं का?”

“कुठलं भांडण?”

“आमच्या आईने सांगितलेलं.”

“तुझ्या आईला सांग, भांडण सुरू व्हायचं होतं, पण काकांना वेळच मिळाला नाही.”

गाडी निघाली. जुन्या वेगाने, जुन्या वळणांनी. चौकात लाल दिवा लागला. काकूंनी डोळे मिटून घेतले. आयुष्य शिवणयंत्राच्या पायडलवर पाय ठेवून गेलेलं. ब्रेक कसा लागतो ते त्यांना तळपायातून कळायचं, डोळ्याची गरज नव्हती. पोरांचा कलकलाट चालू होता, कुणीतरी कुणाची पाण्याची बाटली पळवत होतं. काकूंनी डोळे उघडले तेव्हा व्हॅन थांबलेली होती आणि आरशातून काका त्यांच्याकडे बघत होते. पार्लरमध्ये मशीनपाशी मान वळवून बघितलं होतं, त्यापेक्षा पुष्कळ म्हातारं, पुष्कळ घाबरलेलं तोंड.

“काय?” काकू म्हणाल्या.

“तू सांग.”

“ठीक आहे.”

“नक्की? माझ्यासाठी म्हणून बोलू नकोस हं.”

“तुमच्यासाठी कशाला बोलेन? गाडीत एवढी पोरं आहेत.” काकूंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. “ज्या दिवशी ठीक नसेल त्या दिवशी तोंडावर सांगेन. सगळ्यांच्या देखत सांगेन.”

काकांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. उस्तादांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोललं नव्हतं. काकांकडे मागच्या रांगेत बोलणारं माणूस बसलं होतं, आणि ते माणूस कधी गप्प बसलं आहे असं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

“काका, हिरवा झाला!” मागून सगळी पोरं ओरडली.

“दिसला, दिसला,” काका म्हणाले, आणि व्हॅन निघाली.